माळ्यावरची ट्रंक

शाबान लागला की आपल्या घरांत आवराआवर निघते. पडदे धुतले जातात, डबे घासले जातात, रद्दीवाल्याला हाक मारली जाते. कपड्यांबद्दल फार सांगत नाही. वर्षभर हात न लागलेला कुर्ता कुणाच्या तरी अंगावर जाऊ द्या, पण धुऊन आणि तुटलेलं बटण लावून.

खरी अडचण कागदांची. लग्नपत्रिकेवर बिस्मिल्लाह, कॅलेंडरवर आयत, उर्दू वर्तमानपत्रात हदीस. फेकवत नाही, म्हणून सगळं माळ्यावर जातं आणि तिथे वाळवी लागते. बेअदबी नको म्हणून ठेवलेल्या कागदाची ही कसली कदर? कात्री घ्या, तेवढा मजकूर कापून एका स्वच्छ पिशवीत ठेवा, उरलेला पुठ्ठा रद्दीत द्या. जीर्ण पानं जमा करायची पेटी बऱ्याच मशिदींत असते. नसेल तर इमामसाहेबांना विचारून, कापडात गुंडाळून, पाय पडणार नाही अशा जागी दफन करता येतात.

मात्र रद्दीवाला दारात उभा असताना दादा-नानांची ट्रंक कधीही उलटी करू नका. आधी दोन दुपारी ती नीट वाचून काढा.

शाळेत आमच्याकडे दरवर्षी पालक येतात, जातीच्या दाखल्यासाठी. बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी, मोमीन या आपल्या जमाती महाराष्ट्रात इतर मागासवर्गात आहेत. त्यांच्याकडे 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा मागितला जातो. छप्परबंद विमुक्त जातीत येतात. त्यांच्यासाठी तारीख 21 नोव्हेंबर 1961. म्हणजे दाखला नातीला हवा असतो आणि कागद आजोबांचा लागतो! त्यातही अनेकांच्या जुन्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं ‘मुसलमान’ लिहिलेलं. मग पणजोबांच्या खरेदीखतातला ‘धंदा’ किंवा जन्म-मृत्यूच्या नोंदीतला एखादा शब्द शोधत बसावं लागतं. तो कागद कधी मोडीत असतो, कधी उर्दूत. ‘वाचता येत नाही म्हणजे कामाचा नाही’ असं समजून सुना-मुलं तो बाहेर काढतात. न वाचता येणारा कागद तर सगळ्यात शेवटी टाकावा.

शाळा सोडल्याचे दाखले (आजीचाही, ती दुसरीपर्यंतच शिकली असली तरी), खरेदीखतं, सातबारा, निकाहनामा, मृत्यूचे दाखले हे सगळं एका फायलीत ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका, पावसाळ्यात आत ओल धरते. लॅमिनेशनही नको, त्याने जुना कागद अडकून बसतो. मोबाइलवर फोटो काढून घरातल्या दोघांकडे ठेवा. दाखला हरवलाच असेल तर त्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मिळू शकतो, अर्ज करा.

फाईल लावतानाच नावं ताडून बघा. एका कागदावर महंमद, दुसऱ्यावर मोहम्मद. कुठे शेख आधी, कुठे शेवटी. मूल नववीत असेपर्यंत हे शाळेत कळवलंत तर दुरुस्ती सोपी जाते. दहावीच्या गुणपत्रिकेवर एकदा चुकीचं नाव छापून आलं, की पुढे फार हेलपाटे पडतात.

बंद चार्जर, तुटकी घड्याळं, मागच्या वर्षीची खोकल्याची बाटली? ती काढायला एक तास पुरतो. ट्रंकेला मात्र घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवूनच हात लावा. कुठला सर्व्हे नंबर कुणाच्या नावावर होता, हे त्यांनाच ठाऊक असतं.