तळ्यात उतरण्याआधी पाण्याचं तापमान विचारा, हवेचं नाही

एप्रिल-मे महिन्यात माझ्या दवाखान्यात एक ठरावीक गर्दी असते. मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेला निघालेले आई-बाबा. सहा महिन्यांच्या गोळ्या, इंग्रजीत लिहिलेलं प्रिस्क्रिप्शन, विम्याचे कागद, विमानात पाय सुजतात का, सगळं विचारून होतं. मागच्या मे महिन्यात अशाच एका काकांनी दारातून मागे वळून विचारलं, "डॉक्टर, मुलाचं घर शिकागोत, तलावाच्या अगदी जवळ आहे. तिथं पोहलो तर चालेल ना? इथं टाकीवर रोज पोहतोच की."

काकांचं वय ६१. दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली, तब्येत ठणठणीत. मी म्हटलं, "पाणी किती गार असेल?" ते म्हणाले, "मुलगा सांगतो, २६ डिग्री आहे." ती २६ डिग्री हवेची होती. मिशिगन तलावाचं पाणी मे महिन्यात साधारण १० ते १२ अंशांवर असतं.

१२ अंश म्हणजे किती, हे अंगाला कळावं म्हणून एक करून बघा. फ्रीजमधलं पाणी आणि माठातलं पाणी निम्मं-निम्मं मिसळा आणि त्यात मनगटापर्यंत हात एक मिनिट धरा. हाडं दुखायला लागतात. आता तेच पाणी गळ्यापर्यंत आहे असं समजा.

"मी बारा महिने थंड पाण्यानंच आंघोळ करतो" असं बरेच जण छाती पुढे काढून सांगतात. पण तांब्यानं अंगावर घेतलेलं नळाचं पाणी क्षणात ओघळून जातं. तलावात पाणी चहूबाजूंनी वेढून असतं आणि हवेपेक्षा साधारण २५ पट वेगानं अंगातली उष्णता ओढून घेतं.

हवा तापली तरी पाणी गार का राहतं? मिशिगन तलावाची सरासरी खोली ८५ मीटर आहे, सगळ्यात खोल जागा २८१ मीटर. एवढं पाणी हिवाळाभर थंड होत राहतं. ते तापायला पूर्ण उन्हाळा लागतो आणि तेव्हाही तापतो तो फक्त वरचा थर, खाली चार-पाच अंशांचं पाणी तसंच असतं. म्हणून मे आणि सप्टेंबरची हवा सारखी वाटली तरी पाण्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. पोहायला खरे महिने जुलैचा शेवट ते सप्टेंबरची सुरुवात. तेव्हा पाणी २० ते २३ अंशांपर्यंत जातं. त्यातही किनाऱ्याकडून आत जोराचा वारा सुटला, की वरचं उबदार पाणी ढकललं जातं आणि खालचं गार पाणी वर येतं. काल २२ असलेलं पाणी आज १२ असू शकतं.

शिकागोचे किनारे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पोहण्यासाठी खुले होतात. त्याचा अर्थ जीवरक्षक कामावर आले, एवढाच. पाणी तापलं असा त्याचा अर्थ होत नाही.

गार पाण्यात माणूस हळूहळू गारठून जातो अशी आपली समजूत आहे. खरा धोका त्याच्या फार आधी असतो, पहिल्या एक-दोन मिनिटांत. कातडीला एकदम गारवा लागला की आपोआप मोठा श्वास ओढला जातो, मग धाप लागते. श्वास रोखून धरायची ताकद काही सेकंदांवर येते. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर हवेऐवजी पाणी आत जातं, मग तुम्ही जिल्हा पातळीवरचे जलतरणपटू असा किंवा नवशिके. याला कोल्ड शॉक म्हणतात आणि पाणी १० ते १५ अंशांवर असतानाच तो जवळपास पूर्ण जोरात येतो. त्यासाठी बर्फ पडायला लागत नाही.

हृदयाचं वेगळंच. गारठलेली कातडी त्याला सांगते, पळ. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो. त्याच वेळी पाण्यात बुडालेला चेहरा आणि रोखलेला श्वास त्याला सांगतात, थांब. एकाच वेळी अॅक्सिलरेटर आणि ब्रेक दाबल्यासारखं हे होतं. तरुण, निरोगी हृदयाचे ठोकेसुद्धा यात चुकू शकतात, मग स्टेंट असलेल्यांचं काय सांगावं. थंड पाण्याच्या टबात बसायचे रील्स बघून कुणी पेशंट "चालू करू का?" विचारतो, तेव्हा मला याचीच काळजी वाटते.

कॅनडातले डॉ. गॉर्डन गिसब्रेख्त यांनी स्वतः गोठत्या पाण्यात उतरून यावर संशोधन केलं आहे. त्यांचा हिशेब सोपा आहे: १-१०-१. अशा पाण्यात श्वास ताब्यात आणायला १ मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती १० मिनिटं आणि शुद्ध हरपायला साधारण १ तास. म्हणजे अचानक पडलात तर पहिलं मिनिट पोहू नका. पाठीवर व्हा, कान पाण्यात, तोंड वर, आणि नुसतं तरंगा. धाप ओसरली की मगच हातपाय मारा. ओरडायचं असेल तर तेही तेव्हाच.

माझं स्पष्ट मत सांगतो. १५ अंशांखाली हौसेनं पोहायला जाऊच नये. १५ ते २० मध्ये सवय नसलेल्यांनी फक्त काठाशी, पाय टेकतील इथवर, हळूहळू उतरावं. उडी तर नाहीच. खुल्या पाण्यातल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धाही १६ अंशांखाली घेत नाहीत आणि ते तर कसलेले खेळाडू. बिअर घेतली असेल तर काठावरच बसा. हृदयविकार असलेल्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. तलावाच्या पृष्ठभागाचं तापमान अमेरिकेच्या नोआ या संस्थेच्या संकेतस्थळावर रोज मिळतं, मुलांना बघायला सांगा.

आपल्याकडच्या धरणांचं पाणी इतकं गार नसतं. इथली माणसं बुडतात ती गाळ, अचानक खोली, सोडलेलं पाणी आणि मुळात पोहता न येणं यांमुळे. पण कोमट पाणी म्हणजे निर्धोक, असंही नाही. केरळमध्ये साचलेल्या कोमट गोड्या पाण्यातला अमिबा नाकावाटे मेंदूपर्यंत गेल्याच्या घटना २०२४ मध्ये घडल्या. त्यावर वेगळं लिहीन.

काकांनी जूनभर गुडघाभर पाण्यात पाय बुडवून नातवाशी खेळण्यावर भागवलं. ऑगस्टमध्ये मेसेज आला, "आज पाणी २२. दहा मिनिटं उतरलो, छातीपर्यंतच, मुलगा बरोबर होता." खाली ओल्या अंगानं काढलेला फोटो. मी लिहिलं, "आधी कोरडे कपडे, मग फोटो."