पावसाचा जाणकार आणि सरकारची काटकसर

मृग कोरडा गेला म्हणजे अहमदपूरच्या शेतकऱ्याची दृष्टि आभाळावरून खालीं येत नाहीं. बालाघाटाच्या या पठारावर शिरूर ताजबंदला सर कोसळावी आणि किनगांवला धूळ उडावी, यांत कोणास नवल वाटत नाहीं. सोयाबीन आज पेरावें कीं आणखी चार दिवस थांबावें, या एका प्रश्नावर ज्याचें सबंध वर्ष टांगलेलें, त्याला मराठवाड्यांत तुरळक पाऊस पडेल हें भाकीत काय कामाचें? त्याला आपल्या तालुक्याचा पाऊस हवा, व त्या पावसाचा अर्थ सांगणारा जाणकार हवा.

असे जाणकार नेमण्याची सुबुद्धि सरकारला झाली होती. २०१८ पासून हवामान खातें व भारतीय कृषि अनुसंधान परिषद यांनीं मिळून देशांतील १९९ जिल्ह्यांत, कृषि विज्ञान केंद्रांच्या आश्रयानें, जिल्हा कृषि-हवामान केंद्रें काढलीं. एक तज्ज्ञ, एक निरीक्षक, आणि दर मंगळवारीं व शुक्रवारीं तालुकावार सल्ला, एवढाच त्यांचा संसार. २०२४ च्या जानेवारींत हुकूम निघाला, आणि मार्चांत हीं केंद्रें मिटलीं.

कारण काय? यंत्रें आतां स्वयंचलित झालीं, मग माणसें कशाला, असा हिशेब नीति आयोगाकडून मांडला गेला. शिवाय ही सेवा फुकट न देतां तिचें मोल घ्यावें अशीही सूचना झाली, असें वृत्तपत्रांनीं सरकारी कागदांच्या आधारें छापलें. नाडीचे ठोके यंत्र मोजतें म्हणून वैद्याला रजा द्यावी, त्यांतलाच हा प्रकार! उद्यां पाऊस आहे, आज फवारणी करूं नका, कापलेलें पीक झांकून ठेवा, हें पर्जन्यमापक सांगत नाहीं. आणि मोल द्यावयाचें कोणीं? दुबार पेरणीसाठीं ज्याला सावकाराचें दार ठोठवावें लागतें त्यानें?

परकी राजवटींतसुद्धां १९३२ सालीं पुण्यास कृषि-हवामानशास्त्राची शाखा निघाली. डॉ. एल. ए. रामदास यांनीं तेथें भुईलगतची हवा वीत-वीत मोजली, आणि निरभ्र रात्रीं सर्वांत थंड थर जमिनीवर नसून तिच्या किंचित वर असतो, हें जगास दाखविलें. मातीजवळ बसून मोजणारीं माणसें होतीं म्हणून तें दिसलें.

कोणी म्हणेल, परभणीचें कृषि विद्यापीठ आहेच कीं. आहे, आणि तेथील कामाविषयीं आम्हांस आदरच आहे. पण परभणीहून पाहतां अहमदपूर हा नकाशावरील एक ठिपका. २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून लातूरला आगगाडीनें पाणी आणावें लागलें. संकट कोसळल्यावर आगगाडी धांवते. तें येण्यापूर्वीं सावध करणाऱ्या दोघांचें वेतन मात्र तिजोरीला जड होतें.

पुढें हीं केंद्रें पुन्हां उघडण्याची भाषा सरकारांतूनच निघाली. ती आम्हीं आनंदानें ऐकली. पण शेतकऱ्यांची व त्या जमिनींची ओळख झालेलीं माणसें एकदां विखुरलीं, कीं तीं हुकुमासरशीं परत येत नाहींत. म्हणून केंद्रें उघडावयाचीं तर वर्षावर्षाच्या मंजुरीवर उघडूं नयेत. पदें कायम करावींत, आणि ज्या तालुक्यासाठीं सल्ला लिहावयाचा, त्याच्या शिवारांतून तज्ज्ञाला हिंडूं द्यावें.