लिथियम घेणाऱ्यांचे रक्त तपासा

बायपोलर आजारात लिथियमइतके भरवशाचे औषध क्वचितच सापडेल. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी त्याचा गुण दाखवून दिला. ते आत्महत्येचा धोका कमी करते, ही बाब शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या वाशीम जिल्ह्यासाठी फार मोलाची आहे. पण गुणकारी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडेच. वर्षानुवर्षे गोळी घेणाऱ्या काहींना सारखी तहान लागते, रात्री चार-चारदा लघवीला उठावे लागते. मूत्रपिंड बिघडत असल्याची ही खूण असू शकते. घरचे मात्र ‘ऊन फार आहे’ म्हणून सोडून देतात. हातांना बारीक कंप तर अनेकांना असतोच. तो वाढला, बोलणे जड झाले, तोल जाऊ लागला, तर ती लिथियमच्या विषबाधेची खूण; डॉक्टरांकडे जायला तासाभराचाही उशीर नको. त्यात मेंदूला झालेली इजा कधी कधी कायमची राहते.

वाशीम जिल्ह्यातल्या मानोऱ्याचा उन्हाळा इथे आगीत तेल ओततो. रामनवमीला पोहरादेवीची यात्रा, त्यात निर्जळी उपवास, अंगदुखीवर मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन. यातल्या प्रत्येकाने रक्तातले लिथियम वाढते. पण म्हणून गोळी मनाने बंद करणे हाही उपाय नाही. आजार उसळून येतो.

हवी ती दर सहा महिन्यांनी लिथियम, क्रिएटिनिन आणि थायरॉइडची तपासणी. शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी नमुना घ्यायचा, एवढेच पथ्य. वाशीमला २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. नमुना मानोऱ्यात घेऊन तिथे तपासण्याची सोय आरोग्य विभागाने येत्या उन्हाळ्याआधी करावी, आणि तीही मोफत.