माळ्यावरचा संगणक

वाचकहो, आपल्या घरी माळ्यावर किंवा पलंगाखाली एखादा जुना संगणक चादरीत गुंडाळून ठेवलेला असण्याचा संभव बराच आहे. तो बिघडलेला असतो असेही नाही. घरात नवा आला, जुना टाकवेना, म्हणून तो राहिला इतकेच. आमच्याही घरी असा एक होता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ या प्रणालीचा नित्याचा आधार तिच्या निर्मात्या कंपनीने थांबवला, आणि तिच्या जागी आलेली ‘विंडोज ११’ सुमारे २०१७ च्या आधीचे बहुतेक प्रोसेसर स्वीकारीत नाही. म्हणजे धडधाकट असलेली कितीतरी यंत्रे एका तारखेने म्हातारी ठरली. बेंगळुरूसारख्या शहरात, जेथे गल्लोगल्ली संगणकावर काम करणाऱ्या कचेऱ्या आहेत, तेथे अशा यंत्रांचा ढीग केवढा होत असेल याची कल्पना आपणच करावी.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या विद्यापीठाने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात असे दाखवून दिले होते की, पडद्यासह एक संगणक घडवण्यास कमीत कमी २४० किलो जीवाश्म इंधन, २२ किलो रसायने आणि दीड टन पाणी खर्ची पडते. हा हिशेब त्या काळच्या यंत्रांचा आहे. तरी ज्याच्या जन्मालाच एवढा खर्च आला, त्याला सातव्या-आठव्या वर्षी भंगारात घालणे कोणत्याही गृहिणीच्या हिशेबात बसणार नाही.

याच शहरात २००८ च्या सुमारास घडलेली एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. दक्षिण बेंगळुरूत बन्नेरघट्टा मार्गाच्या बाजूस गुरप्पनपाळ्य नावाची वस्ती आहे. तेथील सुदर्शन लेआउट या झोपडवस्तीत ‘आंबेडकर कम्युनिटी कम्प्युटिंग सेंटर’ या नावाने एक केंद्र सुरू झाले. यंत्रे देणगीदाखल मिळालेली, वापरलेली. शिकवणारे तरुण मुक्त सॉफ्टवेअर चळवळीच्या कर्नाटक शाखेचे स्वयंसेवक. दिवसा कचेरीत किंवा महाविद्यालयात असणारे आणि सुटीच्या दिवशी वस्तीत येणारे. यंत्रांवर ‘लिनक्स’ ही विनामूल्य प्रणाली घातलेली होती, आणि ‘गिम्प’ या चित्रे काढण्याच्या कार्यक्रमावर वस्तीतील मुले चित्रे काढू लागली. ज्या घरांत रंगपेटी घेणेही जिवावर येई, त्या घरांतील मुलांना न संपणारे रंग मिळाले.

आता जुने यंत्र पुन्हा चालते करतात म्हणजे काय करतात, ते पाहू. मला हे काम पाहण्याची आवड आहे. आमच्या अनुवादाच्या टेबलापेक्षा तेथे प्रगती डोळ्यांना लवकर दिसते! प्रथम पेटी उघडून आतली धूळ हवेच्या झोताने काढतात. स्मरणपट्टी, म्हणजे रॅम, बाहेर काढून तिच्या सोनेरी दातांवर शाळकरी खोडरबर फिरवतात. कित्येक ‘मेलेले’ संगणक एवढ्यानेच उठून बसतात. प्रोसेसरवरचा वाळलेला लेप पुसून नवा लावतात. यंत्रातले घड्याळ चालवणारी रुपयाएवढी बॅटरी बदलतात. ती संपली असली की प्रत्येक वेळी सुरू होताना यंत्रास वाटते की आपण वीस वर्षांपूर्वीच्याच कुठल्या तरी वर्षात आहोत. मुख्य फळीवरचे कपॅसिटर डोके फुगवून बसले असतील, तर मात्र ती फळी बाजूस ठेवून तिचे सुटे भाग दुसऱ्या यंत्रांस देतात. शेवटी फिरत्या चकतीच्या जागी लहानशी एसएसडी आणि जरा जास्त रॅम बसवली की दहा वर्षांचे यंत्रही लिहिण्यास, हिशेबास, चित्रे काढण्यास आणि धडे पाहण्यास सहज पुरते. हे सुटे भाग बेंगळुरूत सदर पत्रप्पा रस्त्यावर मिळतात. सारे त्यास ‘एस. पी. रोड’ म्हणतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ज्यांनी घासाघीस केली आहे, त्यांना तेथे परके वाटणार नाही.

यंत्र देण्यापूर्वी एक गोष्ट मात्र घरच्यांनीच करावयाची असते, आणि तीच बहुतेकांकडून राहते. फाइल ‘डिलीट’ केली म्हणजे ती गेली, हा समज चुकीचा आहे. ग्रंथालयाच्या सूचीतून एखाद्या पुस्तकाचे कार्ड काढून टाकले तरी पुस्तक कपाटातच असते, तसे हे आहे. फिरत्या चकतीवरचा मजकूर जावा म्हणून तिच्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत दुसरे काही लिहावे लागते. एसएसडीस मात्र तिच्या अंगभूत पुसण्याच्या आज्ञेनेच पुसावे लागते. बँकेचे कागद, मुलीच्या लग्नाची छायाचित्रे, आजोबांच्या औषधांच्या चिठ्ठ्या असे काय काय त्यात असते! खात्री नसेल तर डिस्क काढून घ्यावी आणि उरलेले यंत्र द्यावे. घेणारे त्याने नाराज होत नाहीत.

जे दुरुस्तच होण्यासारखे नाही, ते रस्त्यावरच्या भंगारवाल्यास देऊ नये. त्यातील शिसे आणि इतर विषारी द्रव्ये उघड्यावर जाळण्याची किंवा आम्लात बुडवण्याची नाहीत. बेंगळुरूजवळ दाबसपेट येथे ‘ई-परिसर’ हा कारखाना २००५ पासून याच कामासाठी उभा राहिला. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या नियमांनुसार तर मोठ्या कचेऱ्यांनी आपला असा कचरा नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारा किंवा पुनर्चक्रण करणारा यांच्याकडेच सोपवावयाचा असतो.

येथवर सारे सुरळीत वाटेल. पण मला माझ्या वाट्याची फजितीही सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आम्ही राहतो त्या इमारतीतील कुटुंबांनी मिळून दहा संगणक गोळा केले, दुरुस्त करवले आणि एका शाळेस दिले. आमचा माळ्यावरचा संगणकही त्यांत होता. हार घातले, पेढे वाटले, छायाचित्र निघाले. त्यात मी पुढच्याच रांगेत आहे. चार महिन्यांनी सहज गेलो, तो खोलीस कुलूप. किल्ली कारकुनाकडे आणि कारकून रजेवर. दुसऱ्या खेपेस खोली उघडली तेव्हा कळले की, वीज जाताच यंत्रे सांभाळणाऱ्या यूपीएसच्या बॅटऱ्या बसल्या होत्या आणि त्या बदलण्यास पैसे कोणाच्याच अंदाजपत्रकात नव्हते. दोन तारा उंदरांनी कुरतडल्या होत्या. शिवाय ज्या एका शिक्षकास आम्ही दोन दिवस शिकवले होते, त्यांची बदली झाली होती. आम्ही शाळेस दहा यंत्रे दिली, असे आम्ही समजत होतो. प्रत्यक्षात तिला दहा पेट्या जपण्याचे काम दिले होते.

यंत्रे जुनी होती म्हणून हे झाले नाही. नवी कोरी असती तरी हेच झाले असते. केरळात २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘आयटी ॲट स्कूल’ या सरकारी प्रकल्पाने पुढे मुक्त सॉफ्टवेअर शाळाशाळांत नेले. तेथे मला सर्वांत मोलाची वाटते ती शिक्षकांना शिकवण्यावर घेतलेली मेहनत. मुंबईच्या आयआयटीचे ‘स्पोकन ट्युटोरियल’ धडे मराठीत आणि कन्नडातही ऐकावयास मिळतात, तेव्हा भाषेची सबब आता उरलेली नाही. आणि एक गंमत, जी माझ्यासारख्या अनुवादकास फार आवडते: इनस्क्रिप्ट कळफलकावर मराठीचा ‘क’ आणि कन्नडचा ‘क’ एकाच कळीवर आहेत. मराठीत टंकलेखन शिकलेले मूल निपाणीहून बेंगळुरूस आले, तर त्याच्या बोटांना नव्याने शिकण्याजोगे फारसे काही उरत नाही.

गेल्या महिन्यात आमच्या इमारतीत पुन्हा बारा यंत्रे जमली. या खेपेस मी आधी दुसऱ्या एका शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंकडे गेलो. बाई मूळच्या बेळगावकडच्या, मराठी उत्तम बोलतात. आपणांस किती संगणक हवेत, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, “संगणक सहा पुरतील हो. पण दर शनिवारी येणारा एक माणूस हवा. तो देत असाल तर बोला.”

मी इमारतीत येऊन हे सांगितले तेव्हा सभेत बराच वेळ कोणी बोलले नाही. मग तिसऱ्या मजल्यावरचे एक निवृत्त अभियंते म्हणाले, की पहिले दोन शनिवार ते जातील. तिसरा मी घेतला आहे. चौथ्याला अजून नाव मिळालेले नाही, आणि तोपर्यंत सहा यंत्रे जिन्याखाली झाकून ठेवली आहेत. यूपीएसच्या बॅटऱ्यांसाठी मात्र वर्गणी आधीच जमवली आहे.