कळ सोसणं हा उपचार नव्हे!

“ताई, तुम्ही सांगितलेला व्यायाम केला आणि दुखणं वाढलं.”

आमच्या सल्ला केंद्रात येणारी एक बाई असं म्हणाली तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. वय पंचवीस. तेराव्या वर्षापासून पाळीत भोवळ येईपर्यंत दुखायचं. आई म्हणाली, बाईच्या जातीला हे चुकत नाही. डॉक्टर म्हणाले, लग्न झालं की थांबेल. लग्न झालं, मग म्हणाले, एक मूल होऊ द्या. बारा वर्षांनी दुर्बिणीतून तपासणी झाली तेव्हा ‘एंडोमेट्रिऑसिस’ हे नाव मिळालं. शस्त्रक्रिया झाली, गोळ्या झाल्या. तरी संबंधाच्या वेळी, शौचाला बसताना, एसटीत तासभर बसल्यावर कळा येतच राहिल्या. नवरा म्हणू लागला, “ऑपरेशन झालंय ना? आता नाटकं कशाला?” आणि मी तिला आमच्या शिबिरातलं केगल व्यायामाचं पत्रक दिलं: स्नायू आवळा, दहापर्यंत मोजा, सोडा.

माझी चूक समजून घ्या. या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या जननक्षम वयाच्या सुमारे १० टक्के, म्हणजे १९ कोटी स्त्रियांना आणि मुलींना तो आहे. ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत, स्नायूंची झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय तीच पेलते. वर्षानुवर्षं दुखत राहिलं की मार चुकवताना अंग आक्रसावं तशी ही झोळी आक्रसते. आजाराच्या गाठी काढल्या तरी कित्येकींची आक्रसलेलीच राहते आणि स्नायूच दुखू लागतात. केगल व्यायाम सैल पडलेल्या स्नायूंसाठी, खोकताना-शिंकताना लघवी सुटते त्यासाठी आहेत. ताठलेला स्नायू आणखी आवळला तर दुखणं वाढू शकतं. त्याला सैल सोडायला शिकवावं लागतं: पोटातून श्वास, आणि प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टचा हात, तोही संमती घेऊन पुढे होणारा, ‘थांबा’ म्हटलं की थांबणारा. इटलीतल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत अशा उपचाराने संबंधाच्या वेळचं दुखणं कमी झालेलं दिसलं.

मग हे आपल्यापर्यंत का पोचत नाही? कारण दवाखान्यात बाई म्हणजे पिशवी. ‘मूल होतंय का?’ हे सगळे विचारतात; ‘बसताना दुखतं का?’ हे कोण विचारतं? आणि मुलं झाली की पिशवीच काढून टाका! बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या अशा शस्त्रक्रियांची चौकशी करायला २०१९ साली शासनाला समिती नेमावी लागली, हे विसरू नका. गर्भाशयाबाहेरचा आजार गर्भाशय काढून संपेलच असं नाही, आणि आक्रसलेला स्नायू काही पिशवीबरोबर निघून जात नाही.

पण बोट फक्त डॉक्टरांकडे दाखवून आपली सुटका नाही. शरीराच्या ओळखीच्या शिबिरांत आपण गर्भाशय रंगवतो, गर्भनलिका रंगवतो. ही झोळी आपल्याही चित्रात नसते. पत्रकं बदलूया. सरसकट ‘आवळा’ म्हणणं थांबवूया. दुखत असताना लादलेला संबंध २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली लैंगिक छळ ठरू शकतो, हे सल्ला केंद्रात स्पष्ट सांगूया. आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयात या कामाचं प्रशिक्षण घेतलेली फिजिओथेरपिस्ट मागूया. आमची ती मैत्रीण आता स्नायू सैल सोडायला शिकते आहे, पण त्यासाठी दुसऱ्या शहरात जाते. दर खेपेला एक दिवसाची मजुरी बुडते.

अंग चोरून बस, आवाज करू नकोस, कळ सोस, हेच आपण लहानपणापासून ऐकलं. शरीरानं ते इमानानं पाळलं. आता ते सोडवायला शिकण्याचा खर्चही बाईनंच का सोसायचा?