तेल पाजलेला जोडा

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे खंड पडला होता. असो.

दिवाळीत पुण्याचा नातू समुद्रपूरला आला. त्याच्या पायात घोट्याच्या वरपर्यंत येणारे तपकिरी, जाडजूड बूट. किंमत विचारली तर हसून टाळले. सूनबाईंनी हळूच सांगितली, चौदा हजार! मी म्हटले, "अरे, एवढ्यात पूर्वी बैल यायचा." तर म्हणाला, "आबाजी, हे ऑइल-टॅन्ड लेदर आहे. कामगारांच्या बुटांचं. याला पॉलिश नाही करायचं, तेल लावायचं."

मी बूट हातात घेतला, नाकाशी नेला, आणि एकदम पन्नास वर्षे मागे गेलो. तो वास माझ्या ओळखीचा होता.

माझे वडील पायात जाड कातड्याचा जोडा घालत. गावातल्याच चर्मकाराने केलेला. मृग लागायच्या आधी आई त्याला एरंडीचे तेल चोळून ठेवी. भिजला तर सावलीत वाळवायचा, चुलीजवळ ठेवायचा नाही, हा घरचा नियम. जोरात उष्णता लागली की कातडे कडक होऊन तडकते. विहिरीवरची मोटही कातड्याचीच. तिलाही तेल पाजावे लागे, नाहीतर सुकून चिरायची.

नातवाच्या बुटाचे शास्त्र यापेक्षा फार वेगळे नाही. कातडे आधी चुन्यात घालून केस काढतात, मग कमावतात. खेड्यात हे काम बाभळीची साल आणि हिरडा यांवर होई, त्याला कित्येक आठवडे लागत. कारखान्यात क्रोमियमच्या क्षारांनी ते एक-दोन दिवसांत होते. नंतर त्यात गरम तेल आणि मेण मुरवतात. म्हणजे नाव 'ऑइल-टॅन्ड' असले तरी कमावणी बहुधा क्रोमियमची, तेल नंतरचे. तेल धाग्याधाग्यांत बसते म्हणून पाणी लवकर शिरत नाही, चामडे मऊ राहते, ओरखडा अंगठ्याने चोळला तरी बुजतो. वरून रंगाचा जाड थर नसल्यामुळे पायाला हवाही लागते.

आता जे सांगायचे आहे ते सांगतो.

मी नोकरीला लागलो तेव्हा पाचवीच्या वर्गात एका चर्मकाराचा मुलगा होता. वडिलांना मदत करून यायचा, हातांना कातड्याचा आणि तेलाचा वास असायचा. पोरे नाक मुरडत, शेजारी बसत नसत. मी काय केले? पोरांना रागावलो नाही. त्यालाच उचलून दाराजवळ बसवले. "तिथे वारा लागतो," असे म्हणालो. तो निमूटपणे गेला. त्या दिवशी माझ्या पायात त्याच्या वडिलांनी शिवलेल्या चपला होत्या!

आज तोच वास चौदा हजार मोजून घरात आला, आणि सगळे कौतुकाने हुंगत होते.

आपल्या वर्धा जिल्ह्यात हा प्रश्न कोणी ओळखला नव्हता असे नाही. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत स्वतः सँडल शिवायला शिकून एक जोड जनरल स्मट्सना भेट दिला होता. तो स्मट्सनी १९३९ साली परत पाठवला. वर्ध्याजवळ नालवाडीला १९३०च्या दशकात गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवले, तेही फक्त मेलेल्या जनावरांच्या कातड्यावर. सवर्णांनी या कामाला हात लावावा, हा त्यामागचा मोठा विचार. पण बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मेलेली ढोरे ओढणे सोडा असे सांगितले, तेही खरेच होते. ज्याच्या गळ्यात गावाने जन्मानेच काम बांधले, त्याला 'श्रमाची प्रतिष्ठा' सांगणे सोपे. कामाला मान द्यायचा असेल तर आधी दाम द्यावा, आणि ते कोणत्याही जातीच्या पोराने शिकावे. त्या मुलाने वडिलांचा धंदा धरला नाही याचे मला दुःख नाही. ती विद्या दुसऱ्या कोणीच उचलली नाही, याचे आहे.

आणि ज्याला असा जोडा खरोखर हवा तो मात्र अनवाणी आहे. आमच्याकडे पऱ्हाटीत, तुरीत राबणारा माणूस प्लास्टिकच्या चपलेवर किंवा उघड्या पायाने फिरतो. काटा, विळा, घोणस, सगळे पायालाच भेटते. फवारणीला मात्र रबरी बूटच हवा, कारण चामडे विष शोषून घेते. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने किती माणसे गेली, ते आपण विसरलो नसाल. पण बाकीच्या कामाला रबरी बुटात पाय शिजतो, म्हणून कोणी घालत नाही. तिथे तेल पाजलेला साधा, उंच जोडाच हवा. माझे स्पष्ट मत आहे की, जो शेतमालक बैलांच्या साजाला पोळ्याला हजारो रुपये घालतो, त्याने सालगड्याला वर्षाला एक चांगला जोडा द्यावा. दया म्हणून नव्हे, औत-वखरासारखे कामाचे साधन म्हणून.

मी या वर्षी आमच्या वावरात राबणाऱ्या दोघांना घेऊन दिले. नातवाने निम्मे पैसे घातले, हे नमूद करतो.

तो विद्यार्थी आता निवृत्त होऊन नागपूरला असतो, असे कळले. फोन नंबर मिळवला आहे. चार दिवस झाले, कागद टेबलावरच आहे. त्याला ते दार आठवत नसेल, असे मनाला सांगून पाहिले. पण मी शिक्षक होतो. मुले काय विसरत नाहीत ते मला चांगले माहीत आहे.

हे लिहून झाले की फोन करणार आहे.