गुरगुरणाऱ्या कुत्र्याला मारू नका

पाहुण्यांचे मूल कुत्र्याच्या गळ्यात पडते, कुत्रा गुरगुरतो आणि त्याच्या पाठीत चापट बसते. ही चापट महागात पडते. गुरगुरणे हा उद्धटपणा नव्हे. चावण्याआधीचा तो इशारा असतो. मार खाऊन कुत्रा इशारा देणे सोडतो, भीती मात्र तशीच राहते. मग एके दिवशी तो ‘काही कारण नसताना’ चावतो.

कारण असतेच. गुरगुरण्याच्याही आधी तो तोंड फिरवतो, ओठ चाटतो, झोप नसताना जांभया देतो, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसू लागतो, अंग ताठ होते. शेपूट हलते म्हणजे स्वारी खूश, हेही अर्धेच खरे. मालक दिसला की ती उजवीकडे जास्त झुकते, अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे, असे इटलीतील संशोधकांनी २००७ मध्ये दाखवले.

अशा वेळी मुलाला बाजूला घ्यावे, कुत्र्याला निवांत कोपरा द्यावा. फोटोसाठी मिठी मारायला लावणे तर बंदच करावे. तरीही दात लागलाच, तर ‘घरचाच आहे’ म्हणत हळद दाबून बसू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.